सरासरीतून गाळलेली पोरं

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. माझ्याबरोबर पत्रकं वाटणाऱ्यांपाशी तर नाहीच.

'शिकवणी म्हणजे लूट' — ते पत्रक माझं. घोटावड्याचे गुरुजी सातवीच्या फायनलसाठी फी घेऊन शिकवणी घेत. माझं डोकं फिरलं. दिवसा शिकवायचं तेच दिवेलागणीला विकायचं? पण नुसत्या शिव्यांनी भागत नव्हतं, आकडे हवे होते. सहामाहीनंतर सराव परीक्षेत शिकवणीवाल्यांचे गुण किती वाढले, बाकीच्यांचे किती — दोन सरासऱ्या काढायच्या. यात अवघड ते काय?

काढल्या. शिकवणीवाले पुढे निघाले — चांगलेच पुढे.

ते वरच्या वाडीच्या धनगरांच्या पोरांमुळे. आमच्याकडच्या पावसात मेंढरं तगत नाहीत, म्हणून ती घरं चार महिने कोरड्या मुलखात जातात. पोरं परततात तोवर सहामाही डोक्यावर येते. त्यांना गुरुजी शिकवणीला फुकट बसवत. हे मी पत्रकात घातलं का? नाही.

मग मी एक नियम केला — पावसाळ्यात गैरहजर होते ते सरासरीत धरायचे नाहीत. नियम तसा वाईट नव्हता. नुसतं शाळेत परतल्यानंही गुण वाढतात. पण मी आधी उत्तर पाहिलं आणि मग नियम केला. धनगरांची पोरं गळली, सरासऱ्या जुळल्या. 'शिकवणीने काडीचाही फरक पडत नाही' — ही ओळ मी ठळक टाइपात छापली.

वाडीचे बिरूनाना रस्त्यात भेटले. मागं त्यांची पोरगी ठकी, हातात काठी.

"तुमचा कागद देवळात वाचला," नाना म्हणाले. "पावसात बुडाल्यालं शिकवनीनं बी भरून निगत न्हाई म्हनं. मग काढली हिला शाळंतनं, लावली शेरडांमागं. बरं झालं बाबा, येळेत सांगितलंस."

आख्ख्या वर्गात सगळ्यात जास्त गुण वाढले होते ते ठकीचे. मला ते माहीत होतं. फायनल अजून व्हायची होती. 'नाना, तुमची पोरं मी मोजलीच नाहीत' — एवढंच तर बोलायचं होतं. काखेत पत्रकांचा गठ्ठा होता. ठकी माझ्याकडे बघत होती.

"बरोबर केलंत," मी म्हणालो.

ठकी परीक्षेला बसली नाही. पत्रक संपलं, तेव्हा मी ते पुन्हा छापलं. ती ओळ तशीच ठेवली.