दुतोंड्या मारुती बघायला नेलेली गाडी

गॅरेजजवळ ऑइलचा वास आला की ती दुपार आठवते. सर्व्हिसिंगहून आणलेल्या नव्या गाडीचं इंजिन दुसऱ्याच दिवशी बंद पडलं, म्हणून मी कंपनीकडे तक्रार केली होती. त्यांच्या इंजिनिअरने एअर फिल्टर काढला, तर तो ओलाचिंब. "काका, गाडी पाण्यात घातली होती का?" त्याने माझ्याकडे रोखून बघत विचारलं. "छे, तुमच्याच मेकॅनिकने धुताना आत पाणी मारलं असेल," मी म्हणालो. आता त्याची नजर शेजारी उभ्या मेकॅनिककडे वळली. "नाय साहेब, मी नाय मारलं," तो पुटपुटला. गोदावरीला पूर आला की नदीपात्रातला दुतोंड्या मारुतीचा उंच पुतळा कितपत बुडाला ते बघायला अख्खं नाशिक जातं. सर्व्हिसिंगहून आणल्यावर मीही गेलो होतो आणि गाडी थेट घाटावरच्या पाण्यात घातली होती. मला नवं इंजिन मिळालं, त्या मेकॅनिकची नोकरी गेली. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं. तो खरं बोलत होता, एवढं आता लिहून ठेवतो.