नातीच्या गाडीचा झिजलेला क्लच

मित्रांनो, अकोल्याच्या गॅरेजातून गाडी घेऊन घरी आल्यापासून जीव टांगणीला लागलाय.

माझी नात रेवा शर्यतीची गाडी चालवते. मिस्त्री रशीदभाईंनी तिचा कार्बन क्लच उघडला. आतल्या काळ्या चकत्या पार पातळ झालेल्या.

रेवा म्हणाली, "नव्या येईपर्यंत झीज भराले चकत्यांच्या मागं पातळ पत्रा टाकून द्या चाचा. उद्या चिखलदऱ्याच्या घाटात शर्यत हाय."

"पत्र्यानं क्लच पकडंन बेटा, पन घाटात चकती फुटली तं?"

"काही नाई होत!"

तिच्या हट्टापायी त्यांनी पत्रा टाकला.

शाळेतल्या पाखरांच्या, वाऱ्याच्या कविता मीच तिच्याकडून पाठ करून घेतल्या होत्या. उडायचं वेड मीच लावलं, आता तिला अडवू कसा?

आता ती घरभर शोधून राहिली. "आबा, गाडीची चावी पाहिली काय?"

चावी माझ्या खिशात आहे. सांगा, देऊ का?