वाचनालयाचा जिवंत फलक

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष काही कामाने ठाण्याला गेले, तिथे एका कचेरीत त्यांनी भिंतभर पडदा पाहिला, आणि महाडला परत आले ते बदलूनच. त्या पडद्यावर म्हणे रेघा हलत होत्या, गोल रंगत होते, आकडे वाढत होते. कशाचे आकडे, असं मी विचारलं.

"ते महत्त्वाचं नाही," अध्यक्ष म्हणाले. "हलत होते."

पंधरा दिवसांत बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने वाचनालयाला मोठा टीव्ही भेट दिला. देणाऱ्याचं नाव टीव्हीखाली पाटीवर आलं. पाटी टीव्हीपेक्षा थोडीच लहान होती. वर्तमानपत्रांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर तो लावला, नारळ फोडला आणि बंद पडद्यासमोर उभं राहून अध्यक्ष चाळीस मिनिटं माहितीयुगावर बोलले. काळ्या काचेत प्रत्येकाला आपापला चेहरा दिसत होता, म्हणून असेल, मध्येच कुणी उठलं नाही.

पडद्यावर दाखवायचं काय, हा प्रश्न नंतर निघाला आणि माझ्याकडे आला. मी वाचनालयाचा कार्यवाह. माझी नोकरी बिरवाडीजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात झाली. नियंत्रण कक्षात बसून मी आयुष्यभर दाबाचे आणि तापमानाचे काटे पाहिले. निवृत्तीनंतर निवांत वाचावं म्हणून वाचनालयात जाऊ लागलो, तर त्यांनी मला कार्यवाह केलं. तेव्हापासून माझं वाचन बंद आहे.

दाखवण्याजोगी एक गोष्ट मात्र आमच्याकडे खरोखर होती. पुरात पुस्तकांच्या कार्डांची लाकडी कपाटं भिजून त्यांचा लगदा झाला होता. त्यानंतर ग्रंथपालाच्या हाताखाली काम करणाऱ्या एका मुलीने एकेक पुस्तक हातात घेऊन सगळी यादी संगणकात घातली. नुसती यादी नाही, शोधता येईल असा डेटाबेस. वाचकाने घरबसल्या फोनवर अर्धवट नाव टाकलं, लेखकाचं आडनाव चुकवलं, तरी हवं ते पुस्तक पुढे येतं. मी स्वतः एकदा फक्त 'ते निळं जाड' असं टाकून पाहिलं. तेवढं मात्र तिने केलं नव्हतं.

ही मुलगी पोलादपूर तालुक्यातली, उमरठच्या अलीकडच्या एका वाडीतली. रोज एसटीने येते-जाते. तिची जागा तात्पुरती होती. ती कायम करायची की काढून टाकायची, हे शनिवारी चारच्या सभेत ठरणार होतं. अध्यक्षांचं म्हणणं सोपं होतं.

"लोक शोधत असतील तर फलकावर दिसेल. दिसलं तर जागा कायम. नाही दिसलं, तर लोक कपाट उघडून पुस्तकं पूर्वीही घेतच होते."

जागा गेली तर तिला नालासोपाऱ्याला भावाकडे जावं लागणार होतं. तिथल्या एका खोलीत भाऊ, वहिनी, दोन पोरं आणि वहिनीचं शिवणयंत्र हे आधीच राहत होते.

"मशीन हलवलं तर माझी झोपायची जागा व्हईल," ती मला म्हणाली. "पन वयनी मशीन हलवायची नाय, काका. मना हलवंल."

तेव्हा बुधवारी आम्ही दोघं कामाला बसलो. काम म्हटलं तर सोपं होतं. पुस्तकांचा शोध वाचनालयाच्या कपाटातल्या संगणकावर चालत होता. तिथे प्रत्येक शोधाची वेळेसकट नोंद पडत होती. फलक दाखवणारं सॉफ्टवेअर मी माझ्या लॅपटॉपवर घातलं, लॅपटॉपची वायर टीव्हीला लावली. आता फलकाला डेटाबेसचा पत्ता सांगायचा, पासवर्ड सांगायचा आणि नोंदीतला कुठला रकाना वेळेचा आहे ते सांगायचं. कारखान्यात टाकीवरचा दाबमापक भिंतीवरच्या काट्याला जोडत असू, तसंच. फरक इतकाच, की इथे गळती झाली तर गाव रिकामं करावं लागत नाही.

तिसऱ्या प्रयत्नात पडद्यावर हिरवी खूण आली: जोडणी यशस्वी. ती टाळ्या वाजवणार तोच खाली दुसरी ओळ आली: माहिती उपलब्ध नाही.

आम्ही दोघांनी फोन काढून भराभर पुस्तकं शोधली. पुस्तकं सापडत होती. फलक म्हणत होता, माहिती उपलब्ध नाही. पासवर्ड बदलला, वायर बदलली, लॅपटॉप बंद करून चालू केला. तिने टीव्हीही पुसला. शेवटी चहा प्यायला खाली उतरलो. महाडच्या बाजारात चहाला गेलेला माणूस वीस मिनिटांच्या आत वर येत नाही. तिला काम आटपून एसटी गाठायची होती म्हणून ती माझ्याआधी वर गेली. मी आलो तेव्हा ती दारातच उभी होती.

"काका! आत्ता रेघा आल्या व्हत्या! उंच!"

पडदा कोरा होता.

"खरंच गं?"

"देवाशप्पत! मी बघत व्हते तवर व्हत्या, मंग गेल्या."

मी शास्त्रीय वृत्तीचा माणूस असल्यामुळे तिला पाणी दिलं.

गुरुवारी हेच दोनदा झालं. आम्ही शोध घ्यायचो, डोळे फाडून बघत बसायचो, काही दिसायचं नाही. कंटाळून मी खाली उतरलो की मागे रेघा उठायच्या आणि तिने फोन लावून मला बोलवेपर्यंत मावळायच्या. शुक्रवारी वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनीही त्या पाहिल्या, आणि लगेच जागा बदलून पडद्याकडे पाठ करून बसले. वाचनालयात काहीतरी आहे, अशी कुजबुज सुरू झाली. अध्यक्षांना ते कळल्यावर त्यांनी फलकावर हार घालायला सांगितलं. हार घातल्यावर डावीकडचा एकतृतीयांश पडदा दिसेना. तिथेही माहिती उपलब्ध नव्हतीच, त्यामुळे नुकसान झालं नाही.

एक गोष्ट इथे कबूल करायला हवी. फलकावर किती वेळाची माहिती दाखवायची, ते ठरवता येतं. मी सुरुवातीला एक दिवस म्हटलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "कार्यवाह, शिळं काही नको. ठाण्यात सगळं ताजं होतं." म्हणून आम्ही गेली पाच मिनिटं ठेवली होती. तासाभराची ठेवून पाहिली असती तर बुधवारीच उलगडा झाला असता. माझी नियंत्रण कक्षातली सगळी वर्षं या ठिकाणी उपयोगी पडली नाहीत.

शनिवारी सभेला सभासद येऊ लागले. पहिले दोघे धापा टाकत जिना चढले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "माफ करा हं, उशीर झाला." मी फोन पाहिला. चारला दहा मिनिटं कमी होती. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा झाले होते.

"हे घड्याळ पुढे आहे का गं?" मी तिला विचारलं.

"हो मंग. वीस मिंटं. कायमच हाय. जुन्या शिपायांनी लावल्यालं. नायतर साडेपाचची पोलादपूर चुकते."

हे खरं होतं. आमच्या भागात एसटीवर अवलंबून असलेल्या घरी, दुकानात, कचेरीत खरी वेळ दाखवणारं घड्याळ धोक्याचं समजतात. माझ्याही स्वयंपाकघरातलं दहा मिनिटं पुढे आहे. मी मात्र वळून कपाटाकडे पाहिलं.

"आणि संगणकाचं?"

"त्याचंपन मीच लावलं ना," ती अभिमानाने म्हणाली. "तो मागं पडत व्हता. लावलं की परत मागं जायचा, इंटरनेटवरनं वेळ घ्यायचा आपली आपली. म्हनून ते बंदच करून टाकलं. आता बरोबर भिंतीसारखा चालतो."

मी लॅपटॉप पुढे ओढला. बुधवारी दुपारी तीन वाजता शोधलेलं पुस्तक संगणकाने तीन वीसला शोधलं असं लिहून ठेवलं होतं. माझा लॅपटॉप तीन वाजता विचारत होता, गेल्या पाच मिनिटांत काय झालं? काहीच नाही, असं उत्तर येत होतं. संगणकाच्या मते आमच्या वाचकांनी अजून शोधलंच नव्हतं. तीन वीसला नोंद वेळेवर हजर होई, पाच मिनिटं दिसे आणि जाई. तेव्हा आम्ही चहा पीत असू.

तिला समजायला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला. तिचा चेहरा उतरला. "म्हंजे मीच माज्या पायावर धोंडा घातला. घड्याळ मागं घेऊ?"

पण अध्यक्ष आत आले होते, सभा सुरू झाली होती, आणि कपाटाची किल्ली ग्रंथपालांच्या खिशात, ते व्यासपीठावर. मग मी सुचेल तो आडमार्ग घेतला. फलकाला सांगितलं, तू गेली पाच मिनिटं बघू नकोस. वीस मिनिटं पुढे जा आणि तिथली पाच मिनिटं बघ. सॉफ्टवेअरने एक अवाक्षर न काढता ते मानलं.

व्यासपीठावर अध्यक्ष म्हणत होते, "मला वाईट वाटतं, पण चार दिवस फलक कोरा आहे. तंत्रज्ञान खोटं बोलत नाही—"

मागे पडद्यावर रेघ उठली आणि शेजारच्या शोधशब्दांच्या यादीत पहिला शब्द आला. कुणीतरी त्या वेळी घरून कोंबडीपालनाचं पुस्तक शोधत होतं. मग स्पर्धा परीक्षा आली. मग बाळंतिणीचा आहार. सभासद अध्यक्षांच्या डोक्यावरून बघू लागले. एकाने हळूच फोन काढून 'भुतं' असं टाकलं. ते ताबडतोब यादीत चढलं आणि सभेत हशा पिकला. मग सगळ्यांनीच फोन काढले. अध्यक्षांनी वळून पाहिलं. भाषण त्यांनी अर्ध्यावर सोडलं; वाचनालयाच्या इतिहासात हे प्रथमच घडलं.

मग ते खाली बसले, आणि सर्वाधिक शोधल्या जाणाऱ्या शब्दांच्या यादीत अगदी तळाला अध्यक्षांचं आडनाव उगवलं.

अध्यक्षांच्या भाषणांचं एक पुस्तक आहे. त्यांनी स्वतःच छापून वाचनालयाला भेट दिलं; वरच्या फळीवर बारा प्रती आहेत. आता ते आडनाव बाळंतिणीच्या आहाराच्या पुढे गेलं. सभासदांनी फोन खिशात ठेवले, तरी ते वाढतच राहिलं. स्पर्धा परीक्षा मागे पडली. अध्यक्ष समोर शून्यात बघत होते. त्यांचा उजवा हात टेबलाखाली होता आणि कोपर एका लयीत हलत होता. कोंबडीपालनाने बराच वेळ टक्कर दिली. शेवटी तेही हरलं.

"बघा," अध्यक्ष उभे राहिले. उजवा हात आता टेबलावर होता. "ही वाचकांची भूक. ती मोजणारं माणूस आपल्याकडे कायमचं पाहिजे. माझा तसा ठराव आहे."

ठराव एकमताने झाला. विरोध करायचा म्हणजे टेबलाखालच्या हाताबद्दल बोलावं लागलं असतं.

ती दाराशी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. हसणं होतं की रडणं, मला सांगता येणार नाही. अध्यक्ष जाता जाता तिच्यापाशी थांबले. "ताई, एवढे लोक पुस्तक शोधतायत. घरी किती जणांनी नेलं, तेही बघून सांगा हो."

बारा प्रती फळीवर होत्या, मी सकाळीच पाहिल्या होत्या. मी खोकलो.

"बघून सांगते, साहेब," ती म्हणाली. शिडी लावली, वर चढली, एक प्रत खाली काढली, धूळ झटकली आणि स्वतःच्या नावावर चढवून पिशवीत टाकली.

"एक गेलंय, साहेब. आजच."

अध्यक्ष प्रसन्न होऊन जिना उतरले. सोमवारी मी तिला विचारलं, वाचलंस का? ती म्हणाली, पोलादपूरपर्यंत सात पानं झाली, आणि आता महिनाभर साहेब रोज विचारणार, तेव्हा बाकीची मी वाचून तिला सांगायची. कायम झालेल्या कर्मचाऱ्याला नाही कसं म्हणणार? दुसरी प्रत मी माझ्या नावावर घेतली.