चौतीस, सेहेचाळीस

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५, सकाळचे साडेदहा. बुधवार पेठेतील एका पुस्तकांच्या दुकानात, माझ्या रहस्यकादंबरीविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी मी खुर्चीवर बसलो.

कादंबरी अमाप खपली. कारण एकच: खुनी कोण, हे मी सांगितलेले नाही. विषबाधा झालेला व्यापारी मरताना भिंतीवर दोन आकडे लिहितो, ३४ आणि ४६. वर्णमाला ‘अ’पासून मोजत गेले की त्या जागांवरची अक्षरे मिळतात आणि विष कशातून दिले ते कळते. संशयित दोन: मंडईतला फळवाला आणि डॉक्टर. चौतिसावे अक्षर फ, सेहेचाळिसावे ळ. विष फळातून, खुनी फळवाला. इतके सरळ असूनही निम्मे वाचक मला डॉक्टरचे नाव कळवीत. त्यांचे गणित कच्चे, असे मी समजत असे.

पहिला प्रश्न: खुनाची कल्पना कशी सुचली? "शेजाऱ्यांमुळे," मी म्हणालो. दुसरा: पुढचा भाग केव्हा? "मेलेला माणूस परत येत नाही."

तिसऱ्या प्रश्नाला दोघे एकदम उभे राहिले. पुण्याजवळच्या मांजरी गावचे एक शेतकरी गृहस्थ आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी.

"सायेब, उद्या नातीचं बारसं हाय," गृहस्थ म्हणाले. "मला माझ्या आईचं नाव ठेवायचंय. ही पोरीची आत्या. हिला काहीतरी फॅशनचं पाहिजे. पैज लागलीय. खुनी ज्याचा बरोबर, नाव त्याचं. मी म्हणतो, फळवाला."

"डॉक्टरच आहे, बाबा. ३४ म्हणजे न, ४६ म्हणजे स. नस! इंजेक्शन दिलंय. सिंपल आहे."

"सिंपल! कोथिंबीर आणायला सांगितली तर मेथी आणती, आन् मला मोजायला शिकवती."

मी मुलीला मोठ्याने मोजायला सांगितले.

"अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ॲ..."

"थांबा. हा ॲ कोठून आला?"

"पहिलीच्या पुस्तकातून. पुढे ऑ पण आहे. तुमच्या वेळी नव्हते?"

"आमच्या वेळी बॅट होती, बॉल होता. वर्णमालेत नव्हते."

माझ्या अंकलिपीत स्वर बारा. तिच्या अंकलिपीत चौदा. सारी व्यंजने दोन घरे पुढे सरकली होती, आणि फळाची नस झाली होती. निम्म्या वाचकांचे गणित पक्के होते.

दोघे माझ्याकडे पाहत होते. निकाल देणे भाग होते.

"पुस्तक जुन्या अंकलिपीवर लिहिले आहे," मी गृहस्थांना म्हणालो. "त्यात खुनी फळवालाच. पुस्तकापुरते आपण जिंकलात." त्यांनी मिशीवर हात फिरवला. "पण बाळ नव्या अंकलिपीतून शिकणार. बाळाचा निकाल त्याच अंकलिपीने."

"म्हंजी मी जिंकून हरलो?"

"आजोबा झालात. सवय करा."

दुकान हसले. मुलगी मात्र हसली नाही. तिने वडिलांचा पडलेला चेहरा पाहिला.

"बाबा, पाळण्यात दोन-तीन नावं ठेवतातच की. पहिलं आजीचं. बाळाच्या कानात मीच सांगते. शाळेत माझं लावू."

"मोठ्यानं सांग. न्हाईतर कानातल्या कानात बदलशील."

पैज मिटली. गृहस्थांनी रुमालाने चष्मा पुसला. जरा जास्त वेळ पुसला.

"सायेब, उद्या जेवायला या. निकाल दिलाय, आता पाळणाबी हलवा."

"मी बारशांना जात नाही."

"तुमच्यासाठी फळं ठेवतो."

"घाबरू नका," मुलगी म्हणाली, "डॉक्टर पण येणार आहेत."

निघताना मी एक नवी अंकलिपी विकत घेतली. रिक्षात उघडून पाहिली. ॲ आठव्या जागी, ठळक छापलेला होता.

घरी आल्यावर ती कोऱ्या कागदात गुंडाळली. मग कपाटातून पांढरा झब्बा काढला आणि त्याला इस्त्री केली.