तीन वेळा शीळ, मग एकदा

आधीच सांगतो, इथले भुताखेतांचे अनुभव मी चहा पिताना करमणूक म्हणून वाचतो. बहुतेकांचं उत्तर पहिल्या परिच्छेदातच दिसतं... जागरण, अपचन, नाहीतर मित्रांचा चावटपणा. माझ्या बाबतीतही मित्राचा चावटपणाच आहे, अशी तीन दिवस माझी खात्री होती.

मी कात्रजला राहतो, मार्केट यार्डात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरी करतो. वीस वर्षं शिरीषबरोबर पक्षी बघत हिंडतोय. शिरीषचं कसबा पेठेत तांब्याच्या भांड्यांचं दुकान आहे, मागच्या बाजूला कारागीर दिवसभर भांडी ठोकत असतात. आमची एक पद्धत आहे. रानात एकमेकांपासून लांब गेलो की हाका मारायच्या नाहीत, पक्षी उडतात. त्याऐवजी शिरीष तोंडाने नवरंग पक्ष्याची शीळ घालतो, दोन सुरांची. तीन वेळा शीळ, जरा थांबून आणखी एकदा, म्हणजे ‘आहेस तिथेच थांब, मी येतोय’. त्याच्या पुढच्या दातांत फट आहे, त्यामुळे दुसरा सूर फुसकन सुटतो. ही खूण आम्हा दोघांशिवाय कुणालाही माहीत नाही.

गेल्या वर्षी मेअखेरीस आम्ही कोकण किनाऱ्याने गाडीने जाणार होतो. निघायच्या चार दिवस आधी शिरीष म्हणाला, “मला जमणार नाही, दुकानात काम आहे.” वीस वर्षांत दुकानातलं काम त्याला कधी आडवं आलं नव्हतं. मला तेव्हाच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. दुसऱ्या कुठल्या ग्रुपबरोबर जायचं असेल, मला टाळायचं असेल... असं काहीबाही डोक्यात आलं. मी एकटाच निघालो.

ताम्हिणी उतरून माणगावमार्गे हरिहरेश्वर. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गावाबाहेरच्या झाडीत उभा होतो. समोर राखी धनेशाची जोडी होती. तेवढ्यात मागून नवरंगाची शीळ आली. या दिवसांत नवरंग तिकडे असतातच, त्यामुळे खूश झालो. तीन वेळा आली. मग थांबली. मग एकदा... आणि दुसरा सूर फुसकन सुटला.

मी वळून अर्धा तास झाडी पालथी घातली. कुणी नाही. हा गुपचूप मागे आलाय आणि माझी मजा बघतोय, हे मी ठरवूनच टाकलं. बागमांडल्याच्या फेरीबोटीत चढलेल्या सगळ्या पुण्याच्या गाड्यांत डोकावलो. एका काकूंनी तर “अहो, काय हवंय आपल्याला?” असं विचारलं. वेळासच्या रस्त्यावर गाडी थांबवून खाडीकाठी पाणमांजराचे ठसे बघत होतो, तिथे पुन्हा तेच. तीन, मग एक.

सरळ शिरीषला फोन लावला. “कुठे आहेस?”

“दुकानात.”

“मग ठोकाठोकीचा आवाज का येत नाही?”

“आज माणसं आली नाहीत. तुझी परवानगी काढायला हवी होती का?” बोलणं जड, तोंडात सुपारी धरल्यासारखं.

“व्हिडिओ कॉल कर.”

“हजेरी द्यायला मी तुझ्या ऑफिसात नाही,” म्हणाला आणि फोन ठेवला. नंतर मी तीनदा व्हिडिओ कॉल केला, तिन्ही वेळा त्याने कापला. म्हटलं, चोर सापडला.

तिसऱ्या दिवशी केळशीच्या पुढे, समुद्राच्या अंगाला कातळाचा सडा आहे, म्हणजे उघडं खडकाळ पठार. कड्याखालच्या झाडावर समुद्री गरुडाचं घरटं दिसत होतं. संध्याकाळचे पाच, लख्ख उजेड. शीळ सुरू झाली. या वेळी मी तयार होतो, मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. तीन... एक. थांबायची खूण होती, पण मी थांबलो नाही. त्याला पकडायचंच म्हणून आवाजाच्या दिशेने झपाझप निघालो. कडेला पोचलो आणि पायाखालचा दगड सुटला. मी बसकण मारली म्हणून ढोपर फुटण्यावर निभावलं, दुर्बीण मात्र खाली गेली. शीळ अजून येत होती. ती समोरून येत होती, आणि समोर माणूस उभा राहील अशी जागाच नव्हती, नुसतं पाणी. मी बसल्या बसल्याच मागे सरकलो आणि गाडी गाठली.

थांबलो असतो तर घसरलो नसतो. पण शीळ आली नसती तर मी तिकडे गेलोच नसतो, हेही आहेच.

दुसऱ्या दिवशी पुण्यात पोचलो तो घरी न जाता थेट कसब्यात शिरीषच्या घरी. दार शिरीषनेच उघडलं, तोंडावर रुमाल. वरचे पुढचे चार दात काढलेले, कवळी यायची होती. डॉक्टरांची तारीख आधीच ठरली होती, मी निघण्याच्या आदल्या दिवशी काढले होते. “असं तोंड घेऊन कुठे येऊ?” म्हणाला. लाज वाटत होती त्याला, बस्स. मी शीळ घालून दाखवायला सांगितलं. बिचाऱ्याने प्रयत्न केला, नुसती हवा आली. घर आणि दुकान सोडून तो कुठे हललाच नव्हता, वहिनींनीही सांगितलं.

मग मी रेकॉर्डिंग लावलं. त्याने दोनदा ऐकलं.

“हा मीच आहे,” तो म्हणाला. “दात होते तेव्हाचा.”

“कालचं आहे. तारीख बघ.”

“तारखेचं काय, बदलता येते. फोनवरून माझी उलटतपासणी केलीस. आता जुनं काहीतरी लावून मला खोटं पाडायला आलायस. कशासाठी?”

मी शपथा घेतल्या, फुटलेल्या ढोपराची जखम दाखवली. तो आत निघून गेला.

त्याला एक वर्ष झालं. कवळी बसली, शीळ काही परत आली नाही. रविवारी आम्ही अजून पक्षी बघायला जातो, पण तो आपली गाडी वेगळी आणतो. ती शीळ कुणाची होती हे मला आजही माहीत नाही. रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. मी त्याला तीन दिवस खोटारडा समजलो, तो मला वर्षभर समजतोय. आणि खरं सांगायचं तर, त्याच्या जागी मी असतो तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता.