जकार्ताच्या बसमध्ये पहिला कोण उठला?

वहिनींचा फोन आला तेव्हा मी मुरबाडच्या बाजारात भाजी घेत होते. दादाच्या ऑपरेशनपासून फोन वाजला की मी हातातलं टाकून आधी तो घ्यायचे. त्या दिवशीही तसाच घेतला. "वन्सं, हे उठत नायत हो..." एवढंच त्या म्हणाल्या. दादा आंघोळ करून बसला होता, चहा मागितला होता. चहा आणेपर्यंत...

त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, यशवंता म्हणजे फुटबॉलचा चालताबोलता इतिहास. खरं आहे. बाबा धरणावर कामाला, त्यामुळे आम्ही भातसानगरच्या कॉलनीत वाढलो. तिथल्या मैदानावर दादा बॅक खेळायचा आणि कॉलनीतल्या एका बंगाली साहेबांच्या मागे लागून आपल्या संघाच्या गोष्टी गोळा करायचा. एक्कावन्नला दिल्लीत जिंकलेलं आशियाई सुवर्ण, छप्पन्नला मेलबर्नच्या ऑलिम्पिकमधला चौथा नंबर आणि बासष्टला जकार्तात पुन्हा मिळालेलं आशियाई सुवर्ण. कॉलनीमागच्या रानात बिबट्यानं शेळी नेली, त्या वर्षी शाळेची वाट आम्ही जीव मुठीत धरून चालायचो. दादा माझा हात धरून मोठमोठ्यानं जकार्ताची फायनल सांगायचा. आपल्या एका अधिकाऱ्याच्या बोलण्यावरून तिथले लोक भारतावर खवळलेले, त्यामुळे सगळं स्टेडियम आपल्या विरोधात, नुसती हुर्यो. आपल्या बाजूनं ओरडायला कोण, तर पाकिस्तानचा हॉकी संघ! डोक्याला टाके पडलेला आपला डिफेंडर पुढं खेळायला गेला, त्यानं गोल मारला, आणि कोरियाला आपण दोन-एक हरवलं. "आवाजाला बिबट्या भितो," असं दादा म्हणायचा. गोल सांगताना त्याचा आवाज चढायचा, पण माझ्या हातातला त्याचा हात घामानं निथळत असायचा.

पुढं त्याला वाशिंदच्या कारखान्यात नोकरी लागली, शहापुरात घर झालं. आपल्या संघाला ते सुवर्ण पुन्हा कधी मिळालं नाही. मित्र चिडवायचे, तो ऐकून घ्यायचा. वय वाढलं तशी त्याची ती गोष्टही बदलत गेली. गोल मागं पडला आणि बस पुढं आली. "मैदानावर जाताना बसमध्ये खाली तळाला बसले होते गो आपले खेळाडू," तो म्हणायचा, "भायेरच्या लोकांना दिसू नये म्हणून. एवढाली माणसं!" त्यांना हसत नसे तो. उलट हे सांगताना त्याचा आवाज अगदी खाली जायचा.

कल्याणच्या हॉस्पिटलात छातीचं ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी वहिनी खाली औषधं आणायला गेल्या आणि दादानं माझा हात धरला. हात तसाच, ओला. "मला भ्या वाटतंय गो," तो म्हणाला. मी दुसऱ्या हातानं त्याची चादर सारखी केली. मग त्यानं विचारलं, "बसमदी पयला कोण उठला असंल?"

"मला काय ठाव, दादा. मैदान आलं असंल, मग उतरायलाच लागलं असंल..."

तो हसला. "तसंच असंल. हिंमतीनं कोन नाय उठला. मैदान आलं, म्हनून उठला." स्ट्रेचर आलं तेव्हा वॉर्डबॉय त्याला उचलायला वाकला. दादानं त्याला थांबवलं आणि पलंगाच्या कडेला धरून स्वतःच उठला. मग आपला आपणच स्ट्रेचरवर आडवा झाला.

ऑपरेशन नीट झालं. तो घरी आला, अंगणात चालायला लागला. आम्ही सगळे हळूहळू निर्धास्त होत होतो... तेवढ्यात तो गेला.

परवा शहापूरला गेले तर टीव्हीवर भारताची मॅच लावलेली. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. "मला त्यातलं काय कळतं? पण घरात आवाज नसला की भ्या वाटतं," त्या म्हणाल्या. समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. पेनल्टी दादाला कधीच बघवायची नाही. तो उठून मागच्या पडवीत जाऊन उभा राहायचा आणि वहिनी आतून निकाल सांगायच्या. आपल्या गोलकीपरनं झेप घेतली, चेंडू त्याच्या हाताला लागून बाहेर गेला. वहिनी ताडकन उठल्या, मागचं दार उघडून ओरडल्या, "अहो, वाचवला! या आत!"

दाराची चौकट धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. मी रिमोट शोधला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.