बांगडीचा होकार

हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. तसं माझ्या तोंडाला कुलूप नाही — शेजारणीचं तूप खवट आहे इथपासून सुनेच्या माहेरी कोण कुणाशी बोलत नाही इथपर्यंत सगळं मी विचारायच्या आधीच सांगून बसते. देवापुढे बसले की बारीकसारीक पापंसुद्धा कबूल करते. साखर बंद असताना लाडू खाल्ला, मांजराला पाट फेकून मारला. पण ही गोष्ट आठवायला लागली की माळेचे मणी भराभर ओढते आणि उठते. आज उठले नाही, एवढंच.

आधी त्या पोरीची ओळख करून देते — म्हणजे माझीच. कर्जतची, सातवी पास, आणि सातवी पास असल्याचा ताठा असा की जणू विलायतेहूनच आली. नाक वर, अक्कल खाली. श्रीगोंद्याच्या बाजूला उसाच्या वस्तीवर दिलेली, लग्नाला वर्ष झालेलं. जोडवी वाजावीत म्हणून पाय आपटत चालायची. आज समोर आली तर तिच्या पाठीत एक धपाटा घालीन, आणि मग जेवायला वाढीन — फारच वाळकी होती हो.

सासरी मोटार होती. ऊस नुकता कुठे पैसा दाखवू लागला होता, अशा काळात मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, नगरच्या कॅम्पातल्या लिलावातून ती आणली होती. कुणा गोऱ्या साहेबाची, काळी, उंच, दाराखाली पायरी असलेली. दिसायला महाराणी, चालायला म्हातारी. चाकं सायकलीसारखी तारांची. खालचे स्प्रिंगचे पाटे इतके दमलेले की गाडीवाटेनं गेलं तर खाल्लेलं वर यायचं. आणि ब्रेक सळ्यांचे. दाबला की गाडी आधी विचार करायची, थांबावं की नाही. मामंजी म्हणायचे, "माझी बैलं हिच्याआधी थांबत्यात, अन् त्यास्नी पेट्रोल लागत न्हाई."

आमच्या यजमानांना — नाव अजूनही घेता येत नाही बघा, ते गेले तरी — त्यांना यंत्राचं वेड. पंचक्रोशीत विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की लोक यांना बोलवायला यायचे. हे इंजिनाला कान लावायचे, वैद्य नाडी बघतो तसे. हात कायम काळे, तोंड कायम हसरं. मला म्हणायचे, "तू रुसलीस तर कळत न्हाई का रुसलीस. इंजिन सांगतं तरी."

दुष्काळ पडायच्या आधीचा हिवाळा. यांनी ठरवलं, म्हातारीला तरणी करायची. नगरच्या भंगारबाजारातून एका मोडक्या जीपची चाकं आणली, रुंद, जाड टायरांची. त्याच जीपचे तेलावर चालणारे ब्रेक आणले. लोहाराकडून पाटे तापवून पुन्हा कमानीत आणले, वर एक जादा पाटा घातला. सगळं अंगणात, लिंबाखाली. जेवायला हाक मारली की चाकामागून आवाज यायचा, "आलो." यायचे नाहीत. मी गाडीला सवत म्हणायची. सवतच होती की — तिला तेल, मला वाट बघणं.

माझ्या बाजूनं एकटी कुसुम. यांची धाकटी बहीण, माझी नणंद. चारचौघांत मी तिला मानानं 'वन्सं' म्हणायची आणि चुलीमागे 'कुशे'. डोळे असे मोठे, की खोटं बोलली तर डोळेच आधी हसायचे. आम्ही दोघी मिळून काय काय केलं ते सांगत नाही, या वयात शोभत नाही. तिची सोयरीक ठरली होती. उन्हाळ्यात लग्न. म्हणून तर यांची घाई — बहिणीची पाठवणी याच गाडीतून करायची होती.

बघा, मी अजून अंगणातच घुटमळते आहे.

तर तेलाच्या ब्रेकचं एक असतं. त्याच्या नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. राहिला तर पाय दाबला जातो आणि गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा. दुसऱ्यानं चाकाशी आडवं होऊन एक बारका स्क्रू सैल करायचा, बुडबुडे तेलाबरोबर बाहेर येऊ द्यायचे, स्क्रू आवळायचा. आणि मगच आतल्यानं पाय उचलायचा. आधी उचलला तर चाक हवा परत गिळतं. तान्ह्या बाळाची ढेकर काढावी, तसलंच काम. आतलं माणूस मी.

पण अंगणात माणसांची ये-जा. मामंजी ओट्यावर. त्यांच्यासमोर सून गाडीत बसून नवऱ्याला "धरलंय, धरलंय" म्हणून ओरडणार का? तेव्हा यांनीच युक्ती काढली. मी पाय दाबून धरला, की बांगडी स्टिअरिंगवर वाजवायची. एकदा. ती ऐकली की हे स्क्रू सैल करायचे, आणि आवळून झालं की टायरवर थाप मारायचे. मग मी पाय उचलायचा. मला ते फार आवडलं. खरं सांगते, लग्नानंतर आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते पहिलंच काम. चाकाखाली ते, वर मी, आणि मधे एक बांगडी.

तीन चाकं नीट झाली. चौथ्याला मी पाय दाबला, बांगडी वाजवली, यांनी स्क्रू सैल केला — आणि मामंजी ओट्यावरून उतरून थेट गाडीच्या दाराशी आले.

मी उठले.

हसा. सासरा समोर आला की सुनेनं बसून राहायचं नाही — आईनं हे इतकं भिनवलेलं, की गाडीत बसलोय, उठायला जागा नाही, एवढंही कळलं नाही. डोकं टपावर आपटलं. एका हातानं पदर सावरला, दुसऱ्यानं कपाळ. आणि पाय? पाय ब्रेकवरून केव्हाच निघालेला. मामंजी म्हणाले, "चाललंय का काय, का नुसतंच तेल पाजताय तिला?" आणि गेले. मी खाली बसले, पाय परत ठेवला. खालून यांनी विचारलं, "धरलंय न्हवं?"

मी बांगडी वाजवली.

आता यात खोटं काय? पाय तर होताच परत. ते 'मधे सोडला होतास का' असं कुठं विचारत होते? बघा कशी हुशार होती. टायरवर थाप पडली. काम संपलं.

इथपर्यंत असतं तर मी ही गोष्ट हसून सांगितली असती, हळदीकुंकवात. सासऱ्याला मान द्यायला गेले आणि टेंगूळ घेऊन आले म्हणून. पुढचं तसं नाही.

दुपारी यांनी गाडी विहिरीपर्यंत नेऊन आणली. नवी चाकं, नवे पाटे — पाण्यावरून चालल्यासारखी आली. पण हे उतरले ते कपाळाला आठी घालून. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "जरा मऊ लागतोय ब्रेक. शेवटच्या चाकाला तुझा पाय मधी निघाला न्हवता ना? निघाला आसंल तर सांग, परत हवा काढू. उद्याचं जाणं परवावर टाकू."

उद्याचं जाणं म्हणजे माझं माहेर. कर्जत. संक्रांत झाली होती, हळदीकुंकवाचे दिवस, आणि मी निरोप धाडून ठेवला होता, की मी मोटारीनं येतेय. आळीतल्या बायका दारात उभ्या राहणार होत्या. परवा आलेल्या मोटारीला कोण दारात उभं राहतं?

आणि दुसरं — मी उठले, डोकं आपटलं, हे ऐकून हे हसले असते. मोठ्यानं. मग कुसुम हसली असती. सातवी पास बाईला ते कसं चालावं?

मी म्हणाले, "मी चांगला धरला होता. तुमचाच स्क्रू सैल राहिला आसंल."

बांगडीनं नाही. तोंडानं.

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, हातांकडे. म्हणाले, "आसंल बाबा." आणि जाऊन चारही चाकांचे स्क्रू पुन्हा आवळून आले. दोनचार वेळा पाय मारला की ब्रेक कडक लागत होता. नवीन आहे, बसेल हळूहळू, असं स्वतःलाच म्हणाले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, म्हणून स्वतःवरचा थोडा कमी केला.

सकाळी निघालो. गावातून जाताना नवऱ्याशेजारी बसायची रीत नव्हती, म्हणून मी आणि कुसुम मागे. गावाबाहेर पडल्यावर कुसुमनं हट्ट धरला, मला पुढं बसू दे. पुढची जागा माझी होती, पण मी म्हटलं, "बस. पर कर्जतच्या वेशीत मी पुढं बसणार हां, वन्सं." वेशीत. लोक बघणार तिथं. ती हसत पुढं गेली. "वहिनी, ही चाकं काय झ्याक हायेत, दादा लई गुणाचा." असं काहीतरी बोलली. मागे वळून बोलली, म्हणून डोळे आठवतात.

कालव्याच्या पुलाचा उतार. खाली कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या खोळंबलेल्या. शेवटच्या गाडीच्या मागे उसाची टोकं हातभर बाहेर. यांनी ब्रेक दाबला. मला मागून त्यांचा गुडघा दिसला — सरळ झालेला, पार खालपर्यंत. पुन्हा दाबला. पुन्हा. हातब्रेक ओढला, तो जुनाच होता. तिसऱ्या की चौथ्या वेळी चाकांनी धरलं, पण तोवर काच फुटली होती.

मला खरचटलंसुद्धा नाही. यांच्या हनुवटीला खोक. कुसुमचा डावा डोळा गेला. त्या बाजूचा गाल शिवला, तो तसाच ओढलेला राहिला. सोयरीक मोडली — ते लोक येऊन गेले, चहा न घेता.

आणि हे? दवाखान्यात, मामंजींसमोर, पोलिसासमोर, सोयऱ्यांसमोर, विचारणाऱ्या प्रत्येकाला हे एकच वाक्य सांगत राहिले. "माझाच स्क्रू सैल राहिला."

माझंच वाक्य. शब्दाला शब्द. मी दाराआड तांब्या घेऊन उभी असायची.

तुम्ही विचाराल, तेव्हा का नाही बोललीस? पहिले दिवस भीती होती, माहेरी हाकलतील. मग पोटात मुलगा होता. मग वाटलं, आता सांगून तिचा डोळा येणार आहे का? ही कारणं नव्हेत. प्रत्येक वर्षी मी न बोलायला नवं काही शोधलं, आणि ते मिळत गेलं.

त्यांनी पान्याला पुन्हा हात लावला नाही. घरच्या विहिरीचं इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्याला बोलवायचे, आणि तो काम करत असताना पाठ करून उभे राहायचे. हात गोरे झाले हो त्यांचे. काळे हात होते तेव्हा मी नाक मुरडायची. गाडी लिंबाखाली कुजली, तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. जीपची चाकं मामंजींनी काढून ऊस वाहायच्या टायरगाडीला लावली. हे त्या गाडीवर कधी बसले नाहीत.

कुसुम आमच्याकडेच राहिली. यांनी तिच्या नावावर जमीन केली, तिच्याआधी कधी ताटावर बसले नाहीत, आणि तिच्या चेहऱ्याकडे कधी सरळ पाहिलं नाही. एकदा तीच म्हणाली, मी भाकरी थापत होते तेव्हा. "दादा, लोखंडाची चूक तू कशाला आंगावर घेतोस? आन् आसली तुझी, तरी मी माफ केलं. आता बघ की माझ्याकडं." हे ढसाढसा रडले. माझा मोठा माणूस, लहान पोरासारखा. दोघंही माझ्यापासून हातभर अंतरावर. मी भाकरी उलटली. करपली नाही ती. चांगली टम्म फुगली.

शेवटच्या दिवसांत शुद्ध नसायची. उजवा हात चादरीवर फिरत असायचा, बोटं चिमटीत, आवळायच्या बाजूला. सोडायच्या बाजूला कधीच नाही. मुलं म्हणायची, बाबा काय शोधतायत? मला माहीत होतं. खोलीत दुपारभर आम्ही दोघंच असायचो. कानाशी वाकून एक वाक्य सांगायचं होतं. मी तो हात धरून ठेवला, फिरायचा थांबावा म्हणून.

ते गेल्यावर बायकांनी माझ्या बांगड्या उतरवल्या. सगळ्या रडत होत्या. मी हात पुढं करून बसले होते, जरा जास्तच लवकर.

आता कुसुमचा उरलेला डोळाही मावळला आहे. दिवसभर माझ्या चाहुलीवर असते. परवा माझं मनगट चाचपलं आणि म्हणाली, "वहिनी, आता कोण काय म्हणतंय? एखादी बांगडी घाल की. वाजली म्हंजे मला कळंल तरी, तू हायेस म्हणून."

मी हात काढून घेतला.